बारावी पीसीबी झाली, फायर ब्रिगेड अन् पॅरामेडिक दोन्ही करता येते का? डिप्लोमाचे पैसे भरू का?

दारव्हा_यवतमाळ: नमस्कार भाऊ लोकहो. मले फायरमध्ये जायचं आहे पण जखमी माणसाले जागेवरच उपचार देणारं काम बी करायचं आहे, अमेरिकेत फायरफायटर पॅरामेडिक असते तसं. इकडे उन्हाळ्यात कुटाराच्या गंजीले आग लागली की तालुक्याहून गाडी येते, माणूस भाजला तर १०८ वेगळी बोलवा लागते अन् तोवर लोकं जखमेवर टूथपेस्ट चोपडतात. एक प्रायव्हेट कॉलेजवाले वर्षभराच्या फायर सेफ्टी डिप्लोमाचे ६० हजार सांगून राहिले, नोकरी पक्की म्हणतात. बाबा कापूस विकून भरतो म्हणतात. काय करू?

फायरमन_नगरपरिषद: भाऊ, पैसे भरू नको अजून. आधी नगरपरिषदेच्या नाहीतर मनपाच्या फायरमन भरतीची जुनी जाहिरात काढून वाच. तिच्यात बहुतेक वेळा दहावी पास, मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा ६ महिन्याचा अग्निशामक कोर्स अन् एमएस-सीआयटी मागतात, पोरांसाठी उंची १६५ सेंमी, छाती ८१ अन् फुगवून ८६, वजन ५० किलो. तुमचा डिप्लोमा यात चालते का हे कॉलेजले लेखी माग. तोंडी सांगितलं त्याले काही अर्थ नाही, इकडच्या पोरांचे लय पैसे असेच बुडतात. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंगची पदवी आहे पण तिले गणित लागते, तुझं पीसीबी आहे.

१०८_डॉक्टर: आपल्याकडे ही दोन खाती वेगळी आहेत. २०१४ पासून १०८ चालू आहे, तिच्यात आमच्यासारखे बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर असतात. अमेरिकेत मात्र आधी ईएमटी म्हणजे रुग्णवाहिकेतल्या प्राथमिक उपचारांचं शिक्षण, मग हजाराच्या वर तासांचं पॅरामेडिकचं शिक्षण आणि फायर अकॅडमी वेगळीच, शिवाय अंगावर वजन घालून १० मिनिटं २० सेकंदात ८ कामं पूर्ण करायची चाचणी बऱ्याच ठिकाणी असते. तुझ्याकडे पीसीबी आहे तर आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी बघ, ३ वर्षं आणि १ वर्ष इंटर्नशिप. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर मला तरी वाटतं की धुरातून कोणाला बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाला पुढचं काय करायचं हे आलंच पाहिजे. आणि गावात सांग, भाजलं की २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट नको.

वरुडची_ताई: मी म्हणेन बीपीएमटीच आधी कर. फायरची भरती कधी निघेल याचा नेम नसतो, चार वर्षांनी हातात काहीतरी राहील.

फायरमन_नगरपरिषद: ताई पटते पण पूर्ण नाही, तोवर वयाची अट बी पाहा लागते. अग्निशामक कोर्स ६ महिन्याचाच आहे, तो करून भरती द्यावी अन् मधल्या काळात सीपीआर, फर्स्ट एडचं ट्रेनिंग घ्यावं. अन् धावणं आतापासून सुरू कर.

दारव्हा_यवतमाळ: सगळ्यांचे आभार. बाबाले सांगतो कापसाचे पैसे थांबवा म्हणून. उद्याच कॉलेजात जाऊन मान्यता कोणाची ते लेखी मागतो, नाही दिलं तर सरळ नाही म्हणतो. डॉक्टर साहेब, बीपीएमटीच्या प्रवेशाले नीट लागते का?