रोजच्या कापाकापीसाठी खुकरी कितपत उपयोगी आहे?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही काठमांडूत राहतो. पूर्व नेपाळमधील धरानहून दहा इंची पात्याची, शिंगाच्या मुठीची खुकरी, म्हणजे वाकडा नेपाळी सुरा, आणली आहे. ती नुसती भिंतीवर टांगून ठेवावी असे वाटत नाही. परंतु तिने कांदा नीट चिरला जात नाही, चेंगरतो. स्वयंपाकघरात ती कशासाठी वापरावी आणि धार कशी राखावी?

प्रतिसाद १ : दोष आपल्या खुकरीचा नाही. तिची पाठ बहुधा आठ ते दहा मिलिमीटर जाड असते, त्यामुळे पाते कांद्यात पाचरीसारखे शिरते. नेपाळी घरांतही भाजी चिरायला पायाने दाबून धरायची चुलेसी असते, जी आपल्या विळीची सख्खी बहीण शोभेल. खुकरी हवी ती खसीचे, म्हणजे खच्ची केलेल्या बोकडाचे, मटण अचानोवर, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर, तोडायला, सरपण फोडायला, बांबू छाटायला. नेपाळातील कामी जातीचे लोहार बहुतेकदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून पाते घडवतात आणि तापलेल्या धारेवर किटलीने पाणी सोडून तेवढाच भाग कठीण करतात. पाठ चिवट राहते, म्हणून घाव सोसते. घाव पात्याच्या फुगीर पोटाने घालावा, कारण पाणी, म्हणजे धारेचा कठीणपणा, तिथेच सर्वांत चांगले बसलेले असते. टोकाने काहीही उचकटू नये. गोठलेले मटण तर मुळीच तोडू नये, धारेचा टवका उडतो.

प्रतिसाद २ : वरील माहितीत सुरक्षिततेचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खुकरी उपसताना म्यान धारेच्या बाजूने बोटे वळवून कधीही धरू नये. धार शिवण कापून बाहेर येते आणि बोटे तुटतात. म्यान पात्याच्या पाठीच्या बाजूने, म्यानाच्या तोंडापासून दूर धरावे. पाते आत वळलेले असल्याने सपाट दगड त्यावर पूर्ण टेकत नाही, म्हणून गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून धार लावावी.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. म्यानात दोन छोटी पातीही आहेत, ती कशासाठी?

प्रतिसाद १ : धारदार असते ती कर्द; मिरची, लसूण, फळे यांसाठी ती खुशाल वापरा. बोथट असते ती चकमक. तिने खुकरीची वळलेली धार सरळ करतात. काम झाल्यावर पाते धुऊन, कोरडे करून तेलाचा हात फिरवा आणि पावसाळ्यात ते चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, गंज चढतो.