मदत हवी आहे: शनिवारी स्टीलहेड मासा धरायला जायचंय, नदी गढूळ आहे

खाडीवाला
तातडीने मदत हवी. पाऊस थांबत नाहीये, नदी पार चहाच्या रंगाची झाली आहे. शनिवारी बाबांना घेऊन स्टीलहेडला (समुद्रातून नदीत परतणारा ट्राउट) जायचं ठरलंय आणि पुढच्या आठवड्यात ते परत जाणार. तोवर पाणी निवळेल का? कुठे उभं राहायचं, आमिष कुठलं? उद्या सामान घ्यायचंय, लवकर सांगा.

फ्रेझरकाठ
चिलिवॅकला वेडर नदीवर या. हॅचरीचे (मासे वाढवून सोडणाऱ्या केंद्राचे) स्टीलहेड येतात, काठावर जागाही भरपूर.

खाडीवाला
अहो, मी रेडमंडला आहे. वॉशिंग्टन राज्य. कॅनडात कुठे येऊ?

सरीवरसरी
रेडमंड कळलं. नदी कुठली? स्कायकोमिश की स्नोक्वाल्मी? आणि पाणी चढतंय की उतरतंय?

खाडीवाला
स्नोक्वाल्मीच, जवळची तीच ना. कार्नेशनच्या पुलावरून बघितली. चढतंय की उतरतंय ते पुलावरून कसं कळणार?

सरीवरसरी
पुलावरून नाही कळत. यूएसजीएसचं (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ खातं) कार्नेशनजवळ पाण्याचं मापक आहे, त्याचा आलेख फोनवर दिसतो. आकड्यापेक्षा रेघ कुठे चालली आहे ते बघा. चढत्या पाण्यात काडीकचरा वाहत असतो, मासा कडेला दबून बसतो. रेघ खाली वळली आणि पाणी तपकिरीवरून हिरवट झालं की मासा वर सरकायला लागतो, तेव्हा जा. पुढच्या दिवसांचा अंदाज नॉर्थवेस्ट रिव्हर फोरकास्ट सेंटरवर मिळेल.

त्याबरोबर हिमरेषाही बघा. पाऊस उबदार असेल तर कॅस्केड्स डोंगरांमधला बर्फही वितळून येतो आणि नदी लवकर उतरत नाही. थंडी पडली तर वर बर्फच पडतो, पाणी झपाट्याने ओसरतं.

जागेचं म्हणाल तर कार्नेशनला थांबू नका. तिथे टोल्ट नदी येऊन मिळते. त्याच्या वर फॉल सिटीला रेजिंग रिव्हर मिळते, ती पावसात फार लवकर गढूळ होते. तिच्या मुखाच्या वरच्या अंगाला, टोकल क्रीकच्या बाजूला जा. तिथे हॅचरी असल्यामुळे हिवाळी मासा तिकडेच परततो. त्याच्याही वर जाऊन उपयोग नाही, स्नोक्वाल्मीचा २६८ फुटी धबधबा समुद्रातून आलेल्या माशाला चढता येत नाही.

शिसंआणिदोरी
निवळायची वाट कशाला बघायची? फुगलेल्या नदीत मासा मधल्या धारेशी झुंजत नाही, काठापासून हातभर अंतरावरून जातो. जड शिसं लावा, आमिष कडेलाच टाका, रॉड टेकवून बसा. वयस्कर माणसाला हेच बरं.

सरीवरसरी
नदी रुंद आणि काठ सपाट असेल तिथे ठीक आहे. फॉल सिटीच्या वर काठ निसरडे आहेत, पाणी बर्फासारखं गार. वयस्कर माणसाला चढत्या नदीच्या कडेला बसवायला मी तरी सांगणार नाही.

शिसंआणिदोरी
कडेला म्हणजे पाण्यात नव्हे हो. मी वर्षानुवर्षं असाच मासा धरतोय.

टाकोमाकर
दोघंही एकाच नदीला चिकटून बसलात. काउलिट्झ नदीवर ब्लू क्रीकला जा. वर धरणं आहेत, त्यामुळे पाणी हिच्यासारखं एकदम फुगत नाही. सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा गाळ आणणारी टूटल नदीसुद्धा बरीच खाली मिळते. गर्दी असते, पण मासाही असतो.

खाडीवाला
दोन तासांहून जास्त गाडी चालवायची, बाबांची पाठ धरते. जवळपासचंच सांगा. आमिषाचं कोणीच बोललं नाही.

सरीवरसरी
गढूळ पाण्यात मोठं आणि भडक: गुलाबी किंवा केशरी जिग (वजन लावलेला, सजवलेला गळ), तरंगत्या फ्लोटखाली. सॅमनची गाबोळी सगळ्यात बरी, वासाने मासा येतो. मात्र त्या पट्ट्यात त्या दिवशी आमिष चालतं का ते आधी नियमांत बघा.

नियमबघा
मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. बाबांचा परवाना काढलाय का?

खाडीवाला
माझा आहे. ते माझ्याबरोबरच असतील.

नियमबघा
तुमच्या परवान्यावर त्यांना गळ टाकता येणार नाही. १५ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला स्वतःचा लागतो. पाहुण्यांसाठी १ ते ३ दिवसांचा मिळतो. स्टीलहेडची नोंद करायचं कॅच कार्डही दोघांचं वेगळं.

शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पंख शाबूत असेल तर मासा रानचा, तो सोडायचाच. फोटोसाठीही पाण्याबाहेर पूर्ण उचलायचा नाही. प्युजेट साउंडचे स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहेत. पंख कापलेला हॅचरीचा, तोच घरी न्यायचा. निघायच्या दिवशी सकाळी मत्स्य व वन्यजीव विभागाचे तातडीचे आदेश वाचा, नदी ऐनवेळी बंद होते.

इंद्रायणीकाठ
इतके नियम आहेत म्हणून तिथे मासा टिकलाय. आपल्याकडे महाशीरचं काय झालं बघा. लोणावळ्याला टाटा पॉवरने पिल्लं वाढवून सोडली, महाडजवळ वाळणकोंडला लोक देवाचे मासे म्हणून हात लावत नाहीत. बाकी नद्यांत कोण विचारतं?

शिसंआणिदोरी
वेगळा धागा काढा, मला लिहायचंय त्यावर.

सुगरण_बॉथेल
मिळाला तर कालवण करू नका, मासा तेलकट असतो. हळद, मीठ, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवून तळा.

खाडीवाला
धन्यवाद. बाबा आयुष्यभर रेवदंड्याच्या खाडीत गरवत आलेत, इथली नदी त्यांना एकदा दाखवायची आहे. परवाना आज काढतो. शनिवारी सकाळी रेघ खाली असेल तर टोकलच्या बाजूला, नसेल तर काय?

सरीवरसरी
नसेल तर समामिशचा बीव्हर लेक. शरदात तिथे रेनबो ट्राउट सोडतात आणि तळ्याला पुराची भीती नाही. स्टीलहेड म्हणजे समुद्र फिरून आलेला रेनबोच. बाबांना काठावर खुर्ची टाकून बसता येईल.

बेएरियाकर
सॅक्रामेंटोजवळ अमेरिकन रिव्हरवर आत्ता पाणी कसं आहे? इकडे २०२३ आणि २०२४ मध्ये समुद्रातली सॅमन मासेमारी बंदच होती, म्हणून स्टीलहेडकडे वळतोय.

नियमबघा
कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे. नवा धागा काढा, आणि नदीचा कुठला पट्टा ते पहिल्याच ओळीत लिहा.