मदत हवी आहे: थकीत कर्जावरील वाहन परत न केल्यास कायदेशीर परिणाम काय होतात?

नमस्कार. हडपसरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एका वित्तपुरवठा कंपनीकडून कर्ज काढून मालवाहू टेम्पो घेतला होता. मार्केट यार्डातील भाड्याचे काम बंद पडल्यापासून त्याचे हप्ते थकले असून, संपूर्ण रक्कम भरावी अथवा वाहन जमा करावे, अशी नोटीस आता आली आहे. टेम्पो दिला तर कमाईच थांबेल, म्हणून तो वाहन गावी नेऊन ठेवण्याच्या विचारात आहे. मला हा विचार अजिबात पटलेला नाही.

आरसी पुस्तकावर कंपनीचा बोजा नोंदलेला आहे आणि करारात लवादाचे कलम आहे. लवाद कायदा, १९९६ च्या कलम ९ अन्वये कंपनी न्यायालयातून आणि कलम १७ अन्वये लवादाकडून वाहन ताब्यात घेण्याचा अंतरिम आदेश मागू शकते, हे मी वाचले आहे. असा आदेश निघाल्यावरही वाहन लपवून ठेवले, तर प्रकरण दिवाणी स्वरूपाचेच राहते, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील फौजदारी विश्वासघातापर्यंत जाऊ शकते? धनादेश न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे (धनादेशांविषयीच्या कायद्याचे) कलम १३८ लागते. परंतु खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचे कलम २५ कितपत वापरले जाते?

वाहन स्वतःहून जमा केल्यास लिलावानंतर उरलेल्या रकमेबाबत तडजोड मिळते का, आणि जमा करताना लेखी पोचीत कोणत्या बाबी नमूद करून घ्याव्यात, हेही शिवाजीनगर न्यायालयात अशी प्रकरणे हाताळणाऱ्या वकील मंडळींनी कृपया सांगावे.