मांजर पाळणाऱ्या बाईचं दुखणं नक्की काय असतं?

खिडकीतली

रविवारची सकाळ, आठवडाभर तुंबलेली वर्तमानपत्रं, आणि मी जी बातमी वाचायला घ्यावी नेमकी तिच्यावर येऊन बसणारी आमची चिंगी. ढकललं की पान उलटायच्या आत पुढच्या बातमीवर. त्यामुळे जग मला तुकड्यातुकड्यांत कळतं. या खेपेचे तुकडे टाकते, मग भांडणाचं कारण सांगते.

पहिला तुकडा लाडक्या बहिणीचा. आमचा जिना झाडणाऱ्या मावशी मध्यंतरी मोबाइल घेऊन आल्या होत्या, "ताई, हे बघा ना जरा." ई-केवायसीत बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितलेला. मावशींचे वडील वारले, नवऱ्यानं टाकून चौदा वर्षं झाली. आता आधार आणायचा कुणाचा? मुळात त्या योजनेची पात्रताच बघा: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि शेपटाला घरटी एकच अविवाहित. दोघी बहिणी बिनलग्नाच्या असल्या तर दुसरी लाडकी नाही.

दुसरा तुकडा केंद्र सरकारच्या वेळेच्या पाहणीचा, २०२४ सालच्या. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची जी दहा मिनिटं वाचली ती नवऱ्यानं भांडी घासली म्हणून नव्हे, त्याचीही नऊ वाचलीच की.

तिसरा तुकडा आमच्या सोसायटीच्या फळ्यावरचा. "इमारतीतील काही एकट्या राहणाऱ्या महिला जिन्यात मांजरांना खाद्य घालत असल्याचे निदर्शनास आले आहे." महिला म्हणजे मीच, अनेकवचन आदरार्थी. घरात चिंगी, आणि जिन्यात येणारे दोन बोके, त्यांना रात्री भात आणि सुक्या बोंबलाचं पाणी. पण मला सांगा, यात "एकट्या राहणाऱ्या" कशाला? वाट्या मोजा, मांजरं मोजा, माझ्या घरातली माणसं कशाला मोजता?

हा टोमणा आमच्या सेक्रेटरींचा शोध नाही म्हणा. अमेरिकेत जे. डी. व्हान्स २०२१ मध्ये एका वाहिनीवर म्हणाले होते की देश मूलबाळ नसलेल्या, आयुष्याला कंटाळलेल्या मांजरवाल्या बायकांच्या हातात गेलाय. त्यात तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं नाव घेतलं. पुढे २०२४ मध्ये व्हान्स ट्रम्प यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले, समोर अध्यक्षपदाला हॅरिस, आणि ती चित्रफीत पुन्हा वर आली.

आणि आता आपल्याकडचं. दादरचा कबुतरखाना महापालिकेनं ताडपत्रीनं झाकला, ऑगस्ट २०२५ मध्ये जमावानं ती ताडपत्री फाडली. मोर्चा, कोर्ट, धर्म, फुप्फुसं, सगळ्यावर वाद झाला. पण दाणे टाकणाऱ्या एका तरी काकांना कुणी विचारलं का, "काका, घरी मूलबाळ नाही वाटतं?"

माझं म्हणणं एवढंच आहे. पुरुषानं जनावराला घास घातला तर ते पुण्य, बाईनं घातला तर ती कसली तरी कमतरता. पटत नसेल तर भांडा.

सरळसोट

भांडतो. नोटिशीतला तो शब्द गाढवपणाचा आहे, माफी मागायला लावा. पण त्या शब्दाच्या आडोशाला तुम्ही मुख्य तक्रार लपवताय, ती म्हणजे जिना. मीही सोसायटीच्या समितीवर आहे म्हणून हा कायदा वाचावा लागलाय. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रहिवासी संघटनेवरच जबाबदारी टाकली आहे की परिसरातल्या बेवारशी जनावरांच्या खाण्याची सोय करा. हे तुमच्या बाजूचं. पण त्याच नियमात जागा कुठली नको तेही लिहिलंय: मुलांची खेळायची जागा, येण्याजाण्याची दारं, आणि जिना. शब्दश: जिना, ताई.

दुसरं. पहिल्या तुकड्यात ज्या मावशींसाठी तुमचा जीव तुटला, त्याच तो जिना झाडतात ना? बोक्यांनी मध्यरात्री मीटरच्या पेटीखाली जे केलं असेल ते सकाळी कोण काढतं? आमच्याकडे तक्रार कुठल्या काकांनी केली नव्हती, सफाईवालीनं केली होती, तीही पगारवाढ मागताना, चाचरत. बाईच्या भूतदयेचा हिशेब दुसऱ्या बाईच्या खराट्यानं चुकता होत असेल तर त्याला स्त्रीप्रश्न म्हणायचं की नाही?

मिठाचा_खडा

आमच्याकडे मांजर नवऱ्याचं. फोटो नवरा काढतो, शी मी काढते. ती २८९ मिनिटांत धरलीय का बघून सांगा कुणीतरी.

ठाणेकर_बाबा

वयानं मोठा आहे म्हणून बोलतो, राग मानू नये. टोमणा वाईटच. पण त्यातली काळजी खोटी असते असं नाही. आमच्या पिढीनं माणसं माणसांत गुंतलेली पाहिली. आता पोरंपोरी तीस-पस्तीसपर्यंत लग्न करत नाहीत, मांजराचा वाढदिवस करतात, केक कापतात. मांजर बारा-पंधरा वर्षांचं सोबती. तुम्हाला पंच्याहत्तराव्या वर्षी दवाखान्यात ते नेणार आहे का? तुम्हाला एकटं म्हटलेलं झोंबतं, पण एकटेपण खरं आहे.

खिडकीतली

बाबा, राग नाही. शेजारच्या आजींची दोन्ही मुलं परदेशात. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडल्या तेव्हा रात्री अडीचला रिक्षा करून दवाखान्यात मीच नेलं होतं, आणि अर्जावर "रुग्णाशी नातं" या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. नर्स म्हणाली, मुलगी लिहा. लिहिलं.

सरळसोट, मावशींचं तुम्ही म्हणताय ते टोचलं. उत्तर देते, आधी विचारून येते.

ओहायोतली_वहिनी

मी कोलंबसला, म्हणजे व्हान्स जिथले सिनेटर होते त्याच राज्यात. दोन गोष्टी.

व्हान्सनी ज्यांना मूलबाळ नसलेल्यांच्या यादीत बसवलं त्यांतल्या हॅरिसबाईंना नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत, आणि ती मुलं, इतकंच काय त्यांची सख्खी आईसुद्धा, बाईंच्या बाजूनं बोलली. तेव्हाचे वाहतूकमंत्री पीट बुटिजेज यांचंही नाव होतं. ते तर पुरुष, आणि त्याच सुमाराला त्यांनी जुळी मुलं दत्तक घेतली. म्हणजे माहिती चूक असली तरी टोमण्याचं काही अडत नाही.

दुसरी गोष्ट इथल्या लोकांना आवडणार नाही. १० सप्टेंबर २०२४ ला ट्रम्प-हॅरिस वादसभा संपल्या संपल्या गायिका टेलर स्विफ्टनं बोक्याबरोबरचा फोटो टाकून हॅरिसना पाठिंबा दिला, खाली सही केली "मूल नसलेली मांजरवाली". आमच्या गल्लीत दारोदार मांजराच्या पाट्या लागल्या, माझ्या ऑफिसात तसले मग आले. आणि निवडणूक? ओहायो तर सोडाच, अख्खा देशच ट्रम्प-व्हान्सकडे गेला. टोमणा परतवून मजा येते, पण मगवर छापलेलं मत मतपेटीत पडलेलं नसतं. मला स्वत:ला तर मतच नाही, ग्रीन कार्डवाली मी. नुसती मांजरवाली.

सातवा_महिना

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. पण विषय निघालाच आहे तर विचारते. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून सासूबाई रोज एकदा म्हणतात, "ते मांजर कुठंतरी सोडून ये." पोटात केस जातात, बाळ आंधळं होतं असं काय काय. नवरा म्हणतो, आईचं ऐक, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. चार महिन्यांनी मांजर कुठून आणायचं? लग्नाआधीपासून आहे माझ्याजवळ. त्यात काही तथ्य आहे का?

गुरांचा_डॉक्टर

सरकारी पशुवैद्यक, निवृत्त. उत्तर मी देतो, बाकीच्यांचं भांडण चालू राहू दे.

केस पोटात जाऊन काही होत नाही. खरी भीती आहे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा सासूबाईंच्या "आंधळं" या शब्दाला एक धागा आहे. पण तो मांजराच्या अंगातून उडून येत नाही, शीतून येतो. बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका फार उतरतो. मांजरही पहिल्या लागणीनंतर साधारण दोनेक आठवडेच तो टाकतं, जन्मभर नाही. अर्धकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि बागेतली माती यांतूनही तो येतो. त्यासाठी कुणी मेथीची जुडी घरातून हाकलत नाही.

करायचं एवढंच: मांजराला कच्चं मांस नको, बाहेर उंदीर धरायला सोडायचं नाही, आणि ट्रे तुम्ही साफ करायचा नाही. तो नवऱ्यानं करायचा. रोज. डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करायची का तेही विचारून घ्या.

जाता जाता, रेबीज मांजराकडूनही होतो हे इथं कुणी लिहिलं नाही. बोचकारलं किंवा चावलं की साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. जिन्यातल्या बोक्यांना लस टोचलीय का, खिडकीतली?

मिठाचा_खडा

"तो नवऱ्यानं करायचा. रोज." हे छापून सासूबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी लावा.

रानजाई

सासूबाईंना एक गोष्टही सांगा, औषधापेक्षा लवकर लागू पडेल. आपण बाळाच्या पाचवीला नाहीतर सहाव्या रात्री जिची पूजा मांडतो, कोरा कागद नि लेखणी ठेवतो, ती सटवाई. बंगालात तीच षष्ठी, मुलं देणारी आणि राखणारी, आणि तिचं वाहन मांजर. तिथली व्रतकथा अशी की धाकटी सून चोरून खायची आणि आळ घरातल्या मांजरीवर घालायची. मांजरीनं मग सुनेची बाळं एकेक करून उचलली नि देवीच्या पायाशी नेऊन ठेवली. सुनेनं चूक कबूल केली तेव्हा परत मिळाली. म्हणजे ज्या देवीकडे मूल मागायचं ती मांजरावर बसून येते, आणि मांजर पाळणारीला म्हणायचं, मूल नाही म्हणून मांजर!

बायकांना मांजराच्या नावानं चिडवणं विलायतेतही जुनंच. शंभर वर्षांपूर्वी मताचा हक्क मागणाऱ्या बायकांची टिंगल करायला पोस्टकार्डांवर मांजरं छापायचे. त्या तुरुंगात उपोषण करायच्या, अगदी खंगल्या की सोडायचं आणि अंगात जरा त्राण आलं की पुन्हा धरायचं, असा कायदाच १९१३ मध्ये झाला. लोकांनी त्याला नाव ठेवलं मांजर-उंदराचा कायदा. त्यात मांजर मात्र सरकार होतं.

सरळसोट

सटवाई झाली, विलायत झाली. जिना राहिला.

आणि कबुतरांची तुलना मला पटलेली नाही. दाणेवाल्यांना कुणी निपुत्रिक म्हटलं नाही हे खरं, पण त्यांना रोग पसरवणारे म्हटलं, दंड केला. टोमणा वेगळा असेल, सूट कुणालाच नाही मिळाली. बोक्यांचं ऑपरेशन कधी करताय ते बोला. आमच्याकडे एका मांजरीची दीड वर्षात अकरा झाली, कारण खायला घालणाऱ्या चार आणि दवाखान्यात नेणारं कुणीच नाही.

ठाणेकर_बाबा

रुग्णाशी नातं हा रकाना वाचला. मी यावर काही बोलत नाही.

खिडकीतली

विचारून आले.

मावशी म्हणाल्या, हो, करतात ना बोके, मीटरच्या पेटीखाली आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर. रोज नाही, दोन दिवसांआड. पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचं, वर फिनेल. किती दिवस चाललंय म्हटलं, तर म्हणे, तुम्ही घालायला लागल्यापासून. दोन वर्षं! मी म्हटलं, मावशी, मला एका शब्दानं बोलला नाहीत? त्या खराटा भिंतीला टेकवून म्हणाल्या, "काय बोलायचं ताई. तुम्हाला लेकरू नाही, बाळ नाही. म्हटलं तेवढाच तुमचा जीव रमतो, असू दे."

इथं मी अर्धा तास जे भांडले ते सगळं तिथं जिन्यात उभ्या उभ्या ऐकलं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोटीस लिहिणाऱ्या सेक्रेटरींवर चिडता येतं. मावशींवर कसं चिडायचं?

सरळसोट, वाट्या आजपासून पंपाच्या खोलीमागे. तिथलं साफ मी करणार, मावशी नाहीत. दोघा बोक्यांना शनिवारी नेतेय, ऑपरेशन आणि लस दोन्ही. एकजण अजून पिशवीत शिरत नाही, दोन्ही हातांवर ओरखडे आहेत, डॉक्टरकाका, हो, धुतलं, आणि सुईही टोचून घेतली. नोटिशीतले "एकट्या राहणाऱ्या" हे दोन शब्द मात्र काल रात्री मी पेनानं खोडून आलेय. आज सकाळी बघितलं तर कुणीतरी निळ्या शाईनं "काही"सुद्धा खोडलंय.