१५ नोंदी ही कमाल मर्यादा आहे, कोटा नव्हे

अमेरिकेत मेडिकलला अर्ज करायचा तर जितके उपक्रम जास्त तितकं बरं, असं वर कुणीतरी लिहिलंय. मला निम्मंच पटलं. एएमसीएएसच्या (तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठीच्या सामायिक अर्जसेवेच्या) अर्जात उपक्रमांच्या १५ नोंदी करता येतात, म्हणून त्या सगळ्या भरायलाच हव्यात असं नाही. प्रत्येकीला ७०० अक्षरं मिळतात (मोकळ्या जागा धरून!), आणि ज्या तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडाल त्यांना वर आणखी १३२५. दोन शनिवार केलेल्या कामावर एवढं लिहायला बसा, म्हणजे कळेल.

तासांच्या हिशोबाबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. माझी मुलगी दोन वर्षं दर आठवड्याला एक दुपार हॉस्पिसमध्ये (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे) कामाला जायची. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्यावरच आले, पण अर्ज भरताना आमची तारांबळ उडाली. तारखा, एकूण तास आणि खातरजमा करू शकेल अशा व्यक्तीचा संपर्क, हे सगळं द्यावं लागतं. तिथल्या समन्वयक बाई तोवर नोकरी सोडून गेलेल्या! शेवटी जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उकरून तास जुळवले. पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा, आणि कुणी काम सोडून जाणार असं कळलं तर त्यांचा ईमेल आधीच मागून घ्या.