सातव्या वर्षी दातांना क्लिप: गरज की घाई?

रानवारा:
"सगळे पक्के दात येऊ देत, मग बघू" हे घरोघरचं वाक्य मला पटत नाही. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची (वाकडे दात-जबडे सरळ करणाऱ्या दंतवैद्यांची) संघटना मुलांची पहिली तपासणी वयाच्या 7 वर्षांपर्यंत करून घ्या म्हणते. तोवर पहिल्या पक्क्या दाढा आणि समोरचे काही पक्के दात आलेले असतात, चावा कसा बसणार याचा अंदाज येतो.

क्रॉसबाइटचंच घ्या. वरचा जबडा अरुंद, त्यामुळे वरच्या दाढा खालच्यांच्या आतल्या बाजूला बसतात. अशा मुलाला सावकाश तोंड मिटायला सांगा. दात टेकतात, अडतात आणि मग हनुवटी हळूच एका बाजूला सरकते. वाढीच्या वयात हे असंच चालू राहिलं तर जबडा वाकडा वाढू शकतो. टाळूच्या मधोमध हाडाची शिवण असते, ती या वयात घट्ट झालेली नसते. एक्सपांडर (टाळूशी बसणारं, वरचा जबडा रुंद करणारं साधन) बसवायचा, डॉक्टर सांगतील तशी किल्ली फिरवायची. समोरच्या दोन दातांत फट पडली की आईबाबा हबकतात, पण शिवण उघडत असल्याची ती खूण असते. मोठेपणी याच कामाला अनेकदा शस्त्रक्रिया लागते.

खडूस_काका:
तपासणी करा हो, कोण नको म्हणतंय? पण तपासणीला गेलेलं पोर दरवेळी क्लिपचं माप देऊनच का बाहेर पडतं?

क्रॉसबाइट सोडा, बहुतेक पालक येतात ते पुढे आलेल्या दातांसाठी. त्यावर रीतसर चाचण्या झाल्या आहेत: काही मुलांवर लहानपणीच उपचार, बाकीच्यांवर थेट किशोरवयात. शेवटी दोन्हीकडचे दात आणि जबडे जवळपास सारखेच. मग पहिली फेरी कशासाठी? आणि आठव्या वर्षी समोरच्या दातांत दिसणारी फट बऱ्याचदा सुळे उतरले की आपोआप मिटते. तिच्यावर क्लिप म्हणजे न दुखणाऱ्या पायाला प्लास्टर.

सायली_म:
काका, त्याच चाचण्यांचा अर्धा निष्कर्ष तुम्ही गिळलात. लवकर उपचार झालेल्या मुलांत समोरच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण कमी दिसलं, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही हेच आहे. बाहेर आलेला दात खेळताना आधी आपटतो, आणि तुटलेला पक्का दात पुन्हा येत नाही. शिवाय शाळेत दातांवरून चिडवलेलं मूल हसताना तोंडावर हात धरतं, ते कुठल्या एक्स-रेत दिसणार?

खडूस_काका:
इजेचं मान्य. म्हणून दात फार पुढे असतील आणि मूल धडपडं असेल तर करा, सरसकट नको. पण दुसरी बाजूही मांडा. नवव्या वर्षी सुरू झालेलं प्रकरण मधे थांबत, रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) घालत पंधराव्यापर्यंत रेंगाळतं. तेव्हा पोर इतकं कंटाळलेलं असतं की खरी ब्रेसेसची वेळ आल्यावर ब्रशला हात लावत नाही. तारांभोवती घाण साचते, तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात. सरळ दात, पण डागाळलेले.

दंतवैद्य_निवृत्त:
काका आणि सायली, तुम्ही दोघेही "लवकर उपचार" म्हणजे ब्रेसेसच धरून चालला आहात. लहान वयातली बरीच उपयोगी कामं तारेविना होतात. दुधाची दाढ कीड लागून वेळेआधी काढावी लागली तर ती जागा राखणारा स्पेस मेंटेनर बसवायचा, नाहीतर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्याला वाट उरत नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर बोट फिरवून वरचे सुळे चाचपायचे. सुळा टाळूकडे भरकटला असेल तर दुधाचा सुळा वेळेत काढल्यावर अनेकदा तो वाटेवर येतो. अंगठा चोखणं पक्के दात येण्याआधी सुटलं तर समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर बरेचदा आपसूक कमी होतं.

खरी घाई मोजक्याच ठिकाणी: सरकणारा क्रॉसबाइट, समोरचा खालचा दात वरच्याच्या पुढे बसून त्या खालच्या दाताची हिरडी खाली उतरत असेल तेव्हा, आणि वरचा जबडा मागे राहिला असेल तेव्हा. त्यासाठीचा फेस मास्क (चेहऱ्यावर लावून वरचा जबडा पुढे ओढणारं साधन) साधारण दहाव्या वर्षाच्या आत जास्त काम करतो. नुसती थोडी गर्दी असेल तर मी थांबायचोच.

खडूस_काका:
हे पटलं. म्हणजे डॉक्टरांना एकच विचारायचं: आत्ता काही केलं नाही तर दोन वर्षांनी नेमकं काय बिघडेल? "तेव्हा जास्त वेळ लागेल" असं गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर गाठा.

रानवारा:
विचारा की. फक्त "जबडा वाकडा वाढेल" असं उत्तर आलं, तर तिसरा डॉक्टर शोधत दोन वर्षं घालवू नका.