तीन चाकांची मोटार, दोन चाकांची परीक्षा

वाकडी_चाकोरी

गेल्या आठवड्यात 'रस्तेशिस्त' यांनी लिहिले होते की, १९ जानेवारी २०१३ नंतर ब्रिटनमध्ये मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना त्या परवान्यावर तीनचाकी चालवता येत नाही, तर त्यांनी तिच्या नावाने गळा काढू नये. तीनचाकी ही मोटारसायकलचीच बहीण आहे, तेव्हा ज्याला ती चालवायची असेल त्याने मुकाट्याने मोटारसायकलची परीक्षा द्यावी, नाहीतर बसचा पास काढावा. बसचा पास माझ्याकडे आहे. तरीही उत्तर लिहायला बसलो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जे तीनचाकी वाहन आहे ते आणि माझ्या मामांच्या गॅरेजात उभे आहे ते, या दोहोंत चाकांच्या संख्येखेरीज काहीही सारखे नाही.

मामा १९६८ साली कॉव्हेंट्रीला आले आणि एका ओतशाळेत लागले. मोटारीच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले, मोटारसायकलची मात्र पहिल्या फटक्यात पास झाले, कारण सांगलीत असताना ते दूधवाल्याची फटफटी फिरवीत असत. १९७६ साली त्यांनी रिलायंट रॉबिन घेतली. त्या काळी अशी हलकी तीनचाकी कायद्याच्या लेखी ट्रायसिकल ठरे, मोटारसायकलच्या पूर्ण परवान्यावर ती चालवता येई आणि तिचा रस्ताकरही मोटारीपेक्षा कमी बसे. पुढे एक चाक, मागे दोन, फायबरग्लासचे अंग, चार जणांना बसायला जागा. मामा-मामींच्या मधोमध इंजिनाचा उंचवटा येई आणि हिवाळ्यात हीटरपेक्षा त्याचीच ऊब अधिक मिळे. गोल चौकात गाडी शिरली की मामी न बोलता आतल्या बाजूला झुकत असत. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते.

मामा गेल्या वर्षी गेले आणि मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी राहतो लेस्टरला, म्हणजे अंतर जेमतेम ४० किलोमीटर. माझी मोटारीची परीक्षा २०१६ सालची आहे. त्या परवान्यावर मी साडेतीन टनांची व्हॅन लंडनच्या भर गर्दीत हाकू शकतो. पण जिला छप्पर आहे, स्टिअरिंगचे चाक आहे, क्लच-ब्रेक-अॅक्सिलरेटर आहेत आणि रिव्हर्स गियर आहे, अशी अर्ध्या टनाहूनही हलकी गाडी मला चालवता येत नाही, कारण १५ किलोवॅटच्या वरच्या तीनचाकीला मोटारसायकलचा 'ए' परवाना लागतो. आता गंमत पाहा. ती परीक्षा मला तीनचाकीवर देता येत नाही, ती दुचाकीवरच द्यावी लागते. म्हणजे जी गाडी वळणावर झुकली तर उलटते, ती चालवण्यासाठी मी वळणावर झुकायला शिकावे, अशी या नियमाची अपेक्षा आहे. मोटारसायकलच्या परवान्यावर तीनचाकी चालवू देणे ही एके काळी मामांसारख्या माणसाला वर चढायला दिलेली दोरी होती. तीच दोरी आता माझ्यासमोर आडवी बांधली आहे.

रस्तेशिस्त

आपल्या मामांविषयी आदर आहे, परंतु वारसा हा वाहतुकीच्या कायद्याचा निकष होऊ शकत नाही. २०१३ चा बदल युरोपीय संघाच्या तिसऱ्या परवाना-निर्देशामुळे आला आणि वाहनांची वर्गवारी करताना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. रॉबिनसारख्या म्हाताऱ्या गाड्या रस्त्यावर कितीशा उरल्या आहेत? आज ट्राइक म्हटले की हँडल असलेले, उघडे आणि मोटारीएवढ्या ताकदीचे वाहन डोळ्यांसमोर येते. २०१३ पूर्वी मोटारीचा परवाना असलेला कोणीही मनुष्य एका तासाचेही प्रशिक्षण न घेता त्यावर बसू शकत होता, आणि या देशात ट्राइकवर हेल्मेटची सक्तीही नाही. हे आपल्याला चालत होते काय?

मी स्वतः २२ वर्षे मोटारसायकल चालवतो. चार वर्षांपूर्वी वेल्समध्ये एक मोठी ट्राइक भाड्याने घेतली. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबत आली तसा मी सवयीने डावा पाय खाली टेकवला आणि मागचे चाक बुटावरून गेले. बुटात पोलादी टोपी होती म्हणून बोटे वाचली. माझ्यासारख्या सरावलेल्याची ही अवस्था, तर मोटारवाल्याची काय होईल, याचा विचार करावा.

साइडकारवाला

रस्तेशिस्त, आपण आपल्याच पायावर चाक फिरवून घेतले आहे, आणि हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतो. पाय खाली टेकवण्याची खोड आपल्याला कोणी लावली? मोटारसायकलने. मोटारवाल्याला थांबताना पाय बाहेर काढायचे सुचणारच नाही. दुचाकीवर वेगात डावीकडे वळताना आपण नकळत डावे हँडल पुढे ढकलतो; ट्राइकवर तेच केले तर गाडी उजवीकडे जाते. दुचाकीचा सराव इथे उपयोगी पडत नाही, आधी तो विसरावा लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुण्यात १९८१ साली वडिलांच्या बजाज स्कूटरला साइडकार होती. आई आणि धाकटी बहीण तीत बसलेल्या असल्या की गाडी गरीब गायीसारखी चाले. मी एकटाच निघालो आणि डावे वळण घेतले की रिकामी साइडकार हवेत उचलली जाई. अखेर वडिलांनी तीत कायमचे एक वाळूचे पोते ठेवले. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढे, ब्रेक दाबला की उजवीकडे. आणि तरीही भारतीय मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सुटी करता येणारी साइडकार जोडलेली दुचाकी ही मोटारसायकलच आहे, त्यामुळे आरटीओत वडिलांना कोणी एक शब्द विचारला नाही. कायद्याला चाके मोजता येतात, गाडी कशी वळते ते कळत नाही, हे मला त्या पोत्याने शिकवले.

इथल्या मोजणीचा तर कहर आहे. पुढची दोन चाके एकमेकांपासून ४६० मिलिमीटरच्या आत असतील तर ती एकच चाक धरतात. म्हणून यामाहाची तीन चाकांची १२५ सीसी ट्रिसिटी इथे मोटारसायकल ठरते आणि शिकाऊ परवान्यावर, एका दिवसाच्या सक्तीच्या प्राथमिक प्रशिक्षणानंतर, एल पाटी लावून चालवता येते. पियाजिओने एमपी३ या तीन चाकांच्या स्कूटरच्या एका प्रकारात चाके ४६५ मिलिमीटरवर नेली आणि ती तीनचाकी झाली. पाच मिलिमीटर! फ्रान्समध्ये तीच गाडी मोटारीच्या परवान्यावर सात तासांचे प्रशिक्षण घेऊन चालवतात. निर्देश एकच, युरोपही एकच, मग फ्रेंच माणसाला सात तासांत जे येते ते आपल्याला का येऊ नये?

पंचगंगा

मला लहानपणी पोलिओ झाला. कोल्हापुरात मी बाजूला दोन जादा चाके लावलेली स्कूटर चालवत असे, आणि आरटीओतल्या कागदावर तिचे नाव 'इनव्हॅलिड कॅरेज' असे होते. ते नाव वाचून पुढची खिडकी येईपर्यंत मी रांगेत मान खाली घालून उभी राहिले होते.

ब्रिटनमध्ये मी परीक्षा दिली ती तीनचाकीवरच, कारण शारीरिक अपंगत्व असलेल्यांना तशी मुभा आहे आणि मिळणारा परवानाही तीनचाकीपुरताच असतो. म्हणजे तीनचाकीवर परीक्षा घेता येते, तसे परीक्षक आहेत, कार्यपद्धतीही आहे. जी परीक्षा अस्तित्वात आहे ती धडधाकट माणसाला नाकारायची आणि त्याला दुचाकीवर पाठवायचे, यात सुरक्षितता कोठे येते ते रस्तेशिस्त यांनी मला समजावून सांगावे. मला सवलत नको होती, योग्य परीक्षा हवी होती. ती सर्वांना द्या.

सातारी_लंडनात

मूळ दुखणे वेगळेच आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. साताऱ्यात मी मोटारसायकल १४ वर्षे चालवली, यवतेश्वरचा घाट पावसाळ्यात रात्री उतरलो. येथे आलो, १२ महिने भारतीय परवान्यावर मोटार चालवली, आणि वर्ष उलटताच मी एका रात्रीत अडाणी ठरलो. जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, इतकेच नव्हे तर झिम्बाब्वेचा परवानाही येथे बदलून मिळतो. भारताचा मिळत नाही. तो मिळाला असता तर आमच्यापैकी निम्म्या लोकांकडे 'ए' परवाना असता आणि तीनचाकीचा प्रश्नच उरला नसता.

निर्विकार

सातारकर, आपण तो परवाना मिळवला कसा, हेही एकदा लिहावे. माझा मी कसा मिळवला ते सांगतो. एजंटाकडे दोन फोटो आणि पैसे दिले, मैदानात दुसऱ्याच्या गाडीवर आठचा आकडा काढला, त्यात दोनदा पाय टेकला, आणि साहेबांनी चहाचा कप न ठेवता सही केली. ब्रिटिश सरकारला हे ठाऊक नसेल असे आपल्याला वाटते काय? येथे मोटारसायकलच्या परीक्षेच्या पहिल्याच टप्प्यात ताशी ५० किलोमीटरने येऊन अडथळा चुकवून दाखवावा लागतो. आपल्या मैदानात त्या वेगाने कोणी आले असते तर साहेब चहासकट पळाले असते.

सातारी_लंडनात

आपण एजंटाकडे गेलात म्हणून सारा महाराष्ट्र एजंटाकडे गेला, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. मी रांगेत तीन वेळा उभा राहिलो, दुसऱ्यांदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा पास झालो. आपल्याच माणसांची अशी नालस्ती करून इंग्रजांसमोर शहाणे ठरायचे, ही खोड येथल्या काही जुन्या मंडळींना जडली आहे. आपण नक्कीच २०१३ पूर्वीचे असणार!

निर्विकार

२००९ चा आहे, आणि ट्राइकवर आजवर बसलेलो नाही. सत्य सांगणे म्हणजे नालस्ती, असे आपले मत असेल तर आपल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपण त्या एका आरटीओत खरोखर तीनदा रांगेत उभे राहिला असाल तर आपला सत्कार व्हायला हवा, कारण असा मनुष्य माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

सातारी_लंडनात

सत्काराला आपल्याला बोलावणार नाही. मात्र एक सांगतो. भारतात हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू रिक्षा किंवा टेंपो चालवणाऱ्यांचे दावे विमा कंपन्या नाकारत होत्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने साडेसात टनांच्या आतल्या वाहनांना तोच परवाना पुरेसा मानला, आणि अशा चालकांमुळे अपघात वाढल्याची आकडेवारी कोणी पुढे ठेवलेली नाही, हेही नोंदवले. तेव्हा आमच्या देशाला नावे ठेवण्यापूर्वी, मोटारवाल्यांनी ट्राइकवर किती माणसे मारली याची आकडेवारी रस्तेशिस्त यांनी मांडावी.

रस्तेशिस्त

आकडेवारी माझ्याकडे नाही. ती आपल्याकडेही नाही, पण मला मागितली गेली म्हणून मान्य करतो. झिम्बाब्वेपर्यंत जाऊन आपण परत तीनचाकीवर आलात, याबद्दल आभार.

पंचगंगा यांचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. तीनचाकीची परीक्षा घेण्याची सोय असताना ती ठरावीक लोकांपुरतीच ठेवण्याचे समर्थन मला सापडले नाही, आणि रात्री दोन वाजेपर्यंत शोधूनही सापडले नाही. तरीही विनापरीक्षा जुनी मुभा सर्वांना परत द्या, या मागणीला माझा विरोध कायम आहे. आणि वाकडी_चाकोरी यांना इतकीच अडचण असेल तर त्यांनी रॉबिन ट्रेलरवर चढवून न्यावी.

वाकडी_चाकोरी

तेही पाहून झाले. डिसेंबर २०२१ पासून मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर, त्याची कोणतीही परीक्षा न देता, ओढता येतो. मी आयुष्यात कधी ट्रेलर जोडलेला नाही, मला तो रिव्हर्स घेता येत नाही, तरी मामांची गाडी त्यावर लादून मोटारवेवरून नेण्यास मी कायद्याने लायक आहे. ती खाली उतरवून सावकाश ४० किलोमीटर चालवण्यास मात्र नालायक. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मान्य; ती ओढणाऱ्याने एकदा गाडीत बसून पाहावे, इतकेच.

रस्तेशिस्त

ट्रेलरचे मला ठाऊक नव्हते. तो निर्णय मूर्खपणाचा आहे, आणि एक मूर्खपणा दुसऱ्याचे समर्थन करत नाही.

माझी मोटारीची परीक्षा १९९८ सालची आहे, त्यामुळे आपली रॉबिन मला चालवता येते. पुढच्या शनिवारी मी बर्मिंगहॅमहून कॉव्हेंट्रीला येऊ शकतो. एका दिवसाचा विमा माझ्या नावाने काढा आणि टायरमधली हवा तपासून ठेवा. याचा अर्थ मी वाद हरलो असा घेऊ नये. चालक उजवीकडे एकटाच असला की डाव्या वळणावर ही गाडी उचलली जाते असे ऐकतो, तेव्हा डावीकडच्या सीटवर कोणीतरी हवे. आपण बसा.

साइडकारवाला

वाळूचे पोते मी देतो.

वाकडी_चाकोरी

पोते नको. मामींना विचारले, त्या म्हणाल्या, त्या सीटवर मीच बसेन.